‘बोदा’चे वीस अर्थ पाठ करू नका, आपलं ‘बघणे’ आठवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. टोपिकची, म्हणजे कोरियन भाषेच्या प्रमाणित परीक्षेची, पहिली पायरी झाली, आता तिसऱ्या-चौथ्या पातळीसाठी टोपिक दोनची तयारी चालू आहे. ‘बोदा’ म्हणजे ‘पाहणे’ हे तुम्ही अगदी सुरुवातीलाच शिकलात. आता तेच क्रियापद परीक्षेबरोबर येतं, बाजाराबरोबर येतं, तोट्याबरोबर येतं, दुसऱ्या क्रियापदाच्या शेपटाला येतं आणि ‘पाऊस येतोय वाटतं’ अशा वाक्यातही येतं. म्हणून कोशातले सगळे अर्थ तक्त्यात उतरवून पाठ करायला घेतले. तक्ता विसाच्या वर गेला, तरी वाक्य समोर आलं की कोणता अर्थ लावायचा ते सुचत नाही. तक्ता पुरा करू का, आणि यानंतर कोणतं क्रियापद घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

तक्ता इथेच थांबवा. तुमची मेहनत कमी पडलेली नाही, ती चुकीच्या जागी चालली आहे. कोरियाच्या राष्ट्रीय भाषा संस्थेचा प्रमाण कोश 1999 साली आला. त्यात ‘बोदा’खाली विसाहून अधिक अर्थ दिलेत, पण ते कोरियन माणसाला आपली भाषा तपासता यावी म्हणून. कोरियन मूल ते अर्थ पाठ करत नाही, जसं आपण ‘बघणे’चे अर्थ कधी पाठ केले नाहीत. ‘पेशंट बघतो’, ‘मुलगी बघायला गेले’, ‘मीठ बघ’, ‘पोराला बघ जरा’, ‘पत्रिका बघितली’, ‘सांग बघू’, ‘बघून घेईन’. ही सात वाक्यं वाचताना तुम्ही कुठेही अडला नसाल. या सातांपैकी बहुतेक ठिकाणी कोरियन माणूस ‘बोदा’च वापरतो. म्हणजे जे शिकायला तुम्ही तक्ता करताय, त्याचा मोठा भाग तुम्हाला आधीच येतो. मधे इंग्रजी येऊन बसल्यामुळे तो दिसत नाही, एवढंच.

आता काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत. तुम्हाला परीक्षा द्यायची असेल तर लेखी भाषेतले वापर आधी घ्या. चाकण-रांजणगावकडच्या एखाद्या कोरियन कंपनीत दुभाष्याचं काम करायचं असेल तर आदराची रूपं आधी. मालिका समजाव्यात एवढंच हवं असेल तर बोलीतली छोटी रूपं आधी. शिवाय शाळेपासून तुमचा सगळा विचार इंग्रजीतून होत असेल, तर मी सांगतेय ती पद्धत पहिले दोन-तीन आठवडे जड जाईल, कारण प्रत्येक वाक्याला आधी मराठी शोधावं लागेल. माझ्या वर्गात मी तरीही हाच आग्रह धरते. मराठवाड्यातून आलेली मुलं ‘बघणे’वरून पटकन धरतात. गोव्याच्या एका विद्यार्थिनीला तर कोंकणीतलं ‘खावन पळय’ (खाऊन बघ) म्हटल्याबरोबर सगळं उलगडलं.

(कोरियन शब्द देवनागरीत लिहितेय ते ओळखण्यापुरते. ‘ऑ’ हा उघडा स्वर समजा, आणि ‘उ’ काही ठिकाणी ओठ गोल न करता म्हणायचा असतो. लिपी तुम्हाला येते, मूळ शब्द तुम्ही ओळखालच.)

मूळ मुद्दा एकच आहे. ‘बोदा’चा अर्थ ‘बोदा’त शोधू नका, त्याच्या लगेच आधी काय आलंय ते बघा. कोरियनमध्ये क्रियापद शेवटी येतं, तसंच मराठीतही येतं. त्यामुळे शेवटच्या शब्दापर्यंत पोहोचता पोहोचता अर्थ ठरून गेलेला असतो. आधी कर्माचा प्रत्यय (‘उल’ किंवा ‘रुल’) लागलेलं नाम आहे का? की दुसऱ्या क्रियापदाचं ‘आ’ किंवा ‘ऑ’वर संपणारं रूप? की ‘ना’ आणि ‘न्गा’? की ‘दा’ आणि ‘गो’? की काहीच प्रत्यय नसलेलं नुसतं नाम? एवढं पाहिलंत तर निम्म्याहून जास्त संभ्रम तिथेच संपतो.

नामापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात श्रीमंत भाग तोच. सिनेमा, डोंगर, टीव्ही हे डोळ्यांनी बघायचं सोडून देते, ते तुम्हाला येतं. त्याच्या शेजारचा गट म्हणजे तपासून बघणे. ‘मासुल बोदा’ म्हणजे चव बघणे. ‘गानुल बोदा’ म्हणजे मीठ बघणे. ‘गान’ हा पदार्थाच्या खारटपणाचा शब्द. कोरियन स्वयंपाकघरात च्चिगे, म्हणजे रस्सा, उकळत असताना घरातली बाई चमचाभर रस्सा पुढे करून म्हणते, ‘गान जोम ब्वा’, आणि आपली आई आमटीचा थेंब तळहातावर देऊन म्हणते, ‘मीठ बघ गं जरा’. इंग्रजीत याला दोन वेगळी क्रियापदं लागतात, मराठीत आणि कोरियनमध्ये एकच. ‘जॉमुल बोदा’ म्हणजे भविष्य बघणे, ‘साजुरुल बोदा’ म्हणजे जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि वेळ यांवरून पत्रिका बघणे, आणि ‘गुंगहाबुल बोदा’ म्हणजे लग्नासाठी दोघांची जुळते का ते बघणे. आपल्या गुणमेलनाचाच प्रकार. डॉक्टर पेशंट बघतो ते ‘ह्वान्जारुल बोदा’.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर ‘सॉनुल बोदा’ लक्षात ठेवा. ठरवून, मध्यस्थामार्फत, लग्नाच्या हेतूने मुलामुलीने भेटणे म्हणजे सॉन. आपला बघण्याचा कार्यक्रम. फरक असा की आपल्याकडे परंपरेने मुलाकडचे ‘मुलगी बघायला’ जातात, कोरियनमध्ये मुलगा आणि मुलगी दोघंही ‘सॉनुल बोदा’ करतात. पुढे लग्न झालं की सासू ‘म्यॉनुरिरुल बोदा’, म्हणजे तिला सून आली. नातू झाला की ‘सोन्जारुल बोदा’. नातवाचं तोंड बघितलं असं आपण म्हणतोच.

दुसरा गट सांभाळण्याचा. ‘एरुल बोदा’ म्हणजे मूल सांभाळणे, ‘जिबुल बोदा’ म्हणजे सगळे बाहेर गेल्यावर घरी थांबून घराकडे बघणे. ‘इरुल बोदा’ म्हणजे काम बघणे, कामाची जबाबदारी उचलणे. ‘ऑफिसचं सगळं तीच बघते’ हे वाक्य तुम्ही अगदी शब्दाला शब्द लावून कोरियनमध्ये नेऊ शकता. मात्र ‘बोल्लिरुल बोदा’ जरा जपून. बाहेर काही काम उरकायचं असेल तरी हेच म्हणतात, आणि संडास-लघवीला जायचं असेल तरी सभ्यपणे हेच म्हणतात. संदर्भ नसेल तर ऐकणाऱ्याच्या मनात दुसरा अर्थ येऊ शकतो.

तिसरा गट तुम्हाला सगळ्यात जड गेलेला दिसतो, कारण तुमच्या तक्त्यात याच्यापुढे प्रश्नचिन्हं आहेत. ‘सोन्हेरुल बोदा’ म्हणजे तोटा होणे, ‘इइगुल बोदा’ म्हणजे फायदा होणे, ‘ह्योक्वारुल बोदा’ म्हणजे औषधाचा किंवा उपायाचा गुण येणे. इथे डोळ्यांचा काय संबंध, असं वाटतं. पण आपण म्हणतो ना, ‘त्या माणसानं फार वाईट दिवस बघितले’. तिथे बघणे म्हणजे वाट्याला येणे, अनुभवणे. ‘शिहॉमुल बोदा’, परीक्षा देणे, हे मी याच गटात ठेवते. मुलाखत देणे हे ‘म्यॉनजॉबुल बोदा’. तुम्ही त्या प्रसंगाला सामोरे जाता, तो अनुभव घेता. मराठीत आपण परीक्षा ‘देतो’, म्हणून इथे थांबून वेगळं लक्षात ठेवावं लागतं. उलट मराठीतलं ‘माझी परीक्षा पाहू नकोस’ हे पूर्ण वेगळं आहे, ते ‘शिहॉमुल बोदा’ नव्हे.

‘जांगुल बोदा’ या गटात बसत नाही, त्याला जरा पार्श्वभूमी लागते. ‘जांग’ म्हणजे बाजार. कोरियात गावोगाव दर पाच दिवसांनी भरणारे बाजार होते, काही ठिकाणी आजही भरतात. आपला आठवडी बाजार सातव्या दिवशी, त्यांचा पाचव्या. ‘जांगुल बोदा’ म्हणजे घरात लागणारं सामान आणायला जाणे, आपल्या भाषेत बाजार करणे. कपडे किंवा फोन घ्यायला गेलं तर हा शब्द वापरत नाहीत. भाजी, तांदूळ, मासे, साबण अशा घरखर्चाच्या खरेदीला वापरतात, मग ती मॉलमध्ये का असेना.

माणसांच्या वागण्याशी जोडलेले दोन प्रयोग मालिकांमध्ये सतत ऐकू येतात. ‘नुन्चिरुल बोदा’ म्हणजे समोरच्याचा रागरंग बघणे, बघून आपलं वागणं ठरवणे, कधी कधी दबून राहणे. ‘ह्युंगुल बोदा’ म्हणजे पाठीमागे नावं ठेवणे. पहिल्याचं मराठी चपखल सापडतं, दुसऱ्यात ‘बघणे’ नाही, म्हणून ते तसंच पाठ करा. माझा नियम साधा आहे: जिथे मराठीत ‘बघणे’ निघतं तिथे वही लागत नाही, जिथे निघत नाही तेवढंच वहीत उतरवायचं. अशी वही चार-पाच पानांच्या वर जात नाही.

एवढं मराठीवर विसंबायला सांगितल्यावर मराठी कुठे फसवते तेही सांगितलंच पाहिजे. आपण वाट ‘पाहतो’, कोरियनमध्ये त्याला स्वतंत्र क्रियापद आहे, ‘गीदारीदा’. आपण स्वप्न ‘बघतो’, कोरियन माणूस ‘क्कुमुल क्कुदा’ म्हणतो, तिथे ‘बोदा’ चालत नाही. या दोन ठिकाणी माझ्या वर्गातली मुलं हटकून ‘बोदा’ लावतात. उलट बाजूने, पुस्तक आणि वर्तमानपत्र ‘वाचणे’ला कोरियन लोक बोलताना खुशाल ‘बोदा’ म्हणतात. ‘छेगुल बोदा’ ऐकलंत तर तो पुस्तकाकडे नुसता बघत बसलेला नाही, वाचतोय. आणि माणसाला भेटणे यालाही ‘बोदा’ चालतं: ‘नेइल ब्वायो’ म्हणजे ‘उद्या भेटू’.

आता दुसऱ्या क्रियापदाला चिकटून येणारा ‘बोदा’. इंग्रजी पुस्तकांत याच्यापुढे ‘ट्राय’ असं लिहिलेलं असतं आणि तिथेच घोळ होतो. ‘मॉगॉ बोदा’ म्हणजे ‘खाऊन बघणे’, ‘इबॉ बोदा’ म्हणजे ‘घालून बघणे’. मराठीत खाण्याचं ‘खाऊन’ होतं आणि मग ‘बघणे’ येतं, कोरियनमध्ये ‘मॉक्ता’चं ‘मॉगॉ’ होतं आणि मग ‘बोदा’ येतं. नुसता अर्थच नाही, घडणही तीच. यातला बारकावा मराठी माणसाला आपोआप कळतो. ‘फोन करून बघितला’ यात फोन केलेला आहे, उचलला की नाही ते पुढचं. ‘फोन करणार होतो’ यात फोन झालेलाच नाही. कोरियनमध्ये पहिलं ‘जॉन्ह्वाहे ब्वास्सॉयो’, दुसरं ‘जॉन्ह्वाहार्यॉगो हेस्सॉयो’. दोन्हींना ‘ट्राय’ लावून शिकलेला माणूस साहेबाला सांगतो एक आणि साहेब समजतो दुसरं. धडपड केली, कसोशी केली असं म्हणायचं असेल तर ‘नोर्यॉकहादा’ वापरा, ‘बोदा’ नको.

हेच रूप आज्ञेला मऊ करतं. आई मुलाला म्हणते, ‘इकडे ये बघू’, ‘सांग बघू काय झालं’. त्यात बघण्यासारखं काही नसतं, नुसता जवळिकीचा आग्रह असतो. कोरियन आईही म्हणते, ‘इरी वा ब्वा’, ‘माल्हे ब्वा’. एखादी वस्तू हातात घेताना ‘बघू जरा’ म्हणतो तिथे ‘ऑदी बोजा’. आणि ‘बघून घेईन तुला’ या धमकीला ‘दुगो बोजा’ आहे. ‘ठेवून बघू’ असा शब्दशः अर्थ, पण दमबाजी तीच.

ऑफिसात एक वाक्य रोज कानावर पडेल: ‘मॉन्जॉ गा बोगेस्सुम्निदा’. संध्याकाळी जागेवरून उठणारा माणूस बाकीच्यांना हे म्हणतो. ‘आधी जाऊन बघतो’ असा अर्थ लावू नका. ‘मी निघतो आता, तुमच्या आधी’ असं ते नम्रतेने सांगणं आहे. आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, तसा हा निरोपाचा ठरलेला प्रयोग. दुसरं, ‘सेंगाखे बोल्गेयो’, म्हणजे विचार करून बघतो, आणि बैठकीतलं ‘गॉमथोहे बोगेस्सुम्निदा’, म्हणजे तपासून बघतो. दुभाष्याचं काम करताना मी ही दोन्ही वाक्यं होकार म्हणून कधीच पुढे देत नाही. आपल्याकडे ‘बघू’ म्हटलं की ज्या सावधपणे ऐकतो, त्याच सावधपणे ती ऐकायची. याउलट ‘हानबॉन हे बोगेस्सुम्निदा’, ‘एकदा करून बघतो’, यात खरी तयारी असते. तिथे मराठीतल्या टाळाटाळीच्या ‘बघतो’शी गल्लत करू नका.

भूतकाळात हे रूप अनुभव सांगतं. ‘किमची मॉगॉ ब्वास्सॉयो?’ म्हणजे ‘किमची कधी खाल्ली आहे का?’ ‘बुसाने गा ब्वास्सॉयो’ म्हणजे बुसानला जाऊन आलोय. फक्त खुद्द ‘बोदा’ला हे पुन्हा लावत नाहीत. तो सिनेमा बघितलाय का, हे विचारताना साधं ‘ब्वास्सॉयो?’ पुरतं, किंवा ‘बोन जॉगी इस्सॉयो?’ म्हणा. आपल्यालाही ‘बघून बघितला’ विचित्र वाटतं. बोलताना ‘हे बघ, बघ ना’ अशा अर्थी ‘ब्वा ब्वा’ मात्र सर्रास ऐकाल.

आदराबद्दल मी कडक आहे, कारण इथे चूक झाली तर माणूस दुखावतो. वडीलधाऱ्यांना पदार्थ पुढे करताना ‘मॉगॉ बोसेयो’ म्हणू नका. व्याकरण बरोबर असलं तरी खाण्याचं क्रियापदच खालच्या दर्जाचं राहतं. ‘दुशॉ बोसेयो’ म्हणा. आजोबांना आपण ‘जेवून घ्या’ म्हणतो, ‘गिळा’ म्हणत नाही, एवढा फरक नसला तरी जाणवण्याइतका असतो. तसंच साहेबांना ‘नेइल ब्वायो’ नको, ‘नेइल ब्वेप्केस्सुम्निदा’. हे ‘ब्वेप्ता’ म्हणजे ‘बोदा’चं लीन रूप, मोठ्यांना भेटताना आपण लहान होऊन वापरायचं. पहिल्या भेटीचं ‘छॉउम ब्वेप्केस्सुम्निदा’ तुम्ही पहिल्या धड्यात घोकलंय, त्यातही ‘बोदा’च आहे.

पुढचा प्रकार अंदाजाचा. ‘बिगा ओना ब्वायो’, पाऊस येतोय वाटतं. खिडकीबाहेर लोक छत्र्या घेऊन चाललेत, ते पाहून काढलेला तर्क. मराठीत ‘वाटतं’ म्हणतो म्हणून इथे ‘बघणे’ सापडत नाही असं समजू नका. ‘तो गावाला गेलेला दिसतोय’ या वाक्यातला ‘दिसतोय’ बघा: ‘गोह्यांगे गान्ना ब्वायो’. क्रियापदाला ‘ना’ लागतो, विशेषणाला ‘न्गा’: ‘बाप्पुन्गा ब्वायो’, कामात असावा. काळ बदलायचा तो आधीच्या क्रियापदात, ‘ब्वायो’ आहे तसंच राहतं. आणि हा तर्क असल्याने स्वतः ठरवून केलेल्या गोष्टीला लागत नाही. स्वतःबद्दल वापरलं तर एखादी गोष्ट आपल्याच लक्षात नव्याने आल्यासारखं होतं: ‘नादो नुल्गॉन्ना ब्वा’, मीपण म्हातारी झालेय वाटतं. याच्या शेजारी ‘नुजुल्का ब्वा’ ठेवा: ‘उशीर होईल की काय म्हणून’. ‘उशीर होईल की काय म्हणून टॅक्सी केली’ हे वाक्य त्याच क्रमाने कोरियनमध्ये उतरतं.

‘दा’ आणि ‘गो’नंतरचे प्रयोग मी एकेका वाक्यावर शिकवते. ‘हादा बोम्यॉन नुरॉयो’: करता करता जमायला लागेल. ‘साल्दा बोनी’: जगता जगता असं झालं की. ‘आल्गो बोनी’: मग कळलं की. यांना वेगळं स्पष्टीकरण नको, वाक्यं तोंडात बसवा.

आता नामाला प्रत्ययाविना चिकटणारा ‘बोदा’. हे क्रियापदच नाही, तुलनेचा प्रत्यय आहे: ‘ह्यॉंगी नाबोदा खॉयो’, दादा माझ्यापेक्षा उंच आहे. मुलांना इथे हमखास अडखळायला होतं, कारण वाक्याच्या मधोमध ‘बोदा’ दिसतो आणि क्रियापद संपल्यासारखं वाटतं. लक्षात राहण्यासाठी मी एक गंमत सांगते. आपलं ‘पेक्षा’ आलंय संस्कृत ‘अपेक्षा’वरून, आणि त्यात ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हा धातू बसलेला आहे. तुलना करायची तर दुसऱ्याकडे बघावंच लागतं. जाहिरातीत, बातम्यांत ‘बोदा’ एकटाही येतो, ‘बोदा नाउन’ म्हणजे ‘अधिक चांगलं’. तो क्रियाविशेषण म्हणून सोडून द्या.

‘बोइदा’बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘सानुल ब्वायो’ म्हणजे डोंगर बघतोय, ‘सानी बोयॉयो’ म्हणजे डोंगर दिसतोय. प्रत्यय बदलला, कारण डोंगर आता कर्म राहिला नाही. बघणे आणि दिसणे यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. ‘पिगोन्हे बोयॉयो’, थकलेले दिसता. ‘दाखवा’ मात्र ‘बोयॉ जुसेयो’. एकाच ‘बोइदा’मध्ये आपले दिसणे आणि दाखवणे दोन्ही येतात.

हे सगळं एकत्र कसं येतं ते एका छोट्या निरोपात पाहू. वर्गात मी फळ्यावर हाच लिहिते. बाजाराला निघालेली आई मोठ्या मुलीला सांगतेय: ‘ऑम्मा जांग बोगो ओल्गे. ए जोम ब्वा ज्वॉ. च्चिगे गानदो हानबॉन ब्वा. बाक्के बिगा ओना ब्वा. उसान जोम छाजाब्वा. ऑजेबोदा छुप्ता.’ सहा वाक्यं, सहा ‘बोदा’. आधी काय आलंय तेवढंच बोटाने धरत चला. ‘जांग’ आहे, म्हणजे बाजार. ‘ए’ आहे, म्हणजे बाळ सांभाळणं. ‘गान’ आहे, म्हणजे मीठ. ‘ओना’ आहे, म्हणजे तर्क. ‘छाजा’ हे शोधण्याचं रूप आहे, म्हणजे ‘शोधून बघ’. ‘ऑजे’ हे नुसतं नाम आणि पुढे थंडी, म्हणजे ‘पेक्षा’. जुळवलं की: ‘मी बाजार करून येते. बाळाकडे जरा बघ. रश्शातलं मीठही एकदा बघ. बाहेर पाऊस येतोय वाटतं. छत्री जरा शोध बघू. कालच्यापेक्षा गारठा आहे.’ पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या वाक्यात कर्माचा प्रत्यय गळून पडलाय हेही पाहिलंत ना? बोलताना तो असाच गळतो. परीक्षेच्या लेखनात तो गाळू नका.

सराव असा करा. रोज एक पान घ्या, मालिकेचे संवाद, वेबटूनचं एखादं प्रकरण, बातमी, काहीही. त्यातल्या प्रत्येक ‘बोदा’खाली रेघ मारा आणि त्याच्या आधीच्या तुकड्याभोवती गोल करा. मग ते वाक्य मराठीत बोला, मोठ्याने. लिहिण्याची घाई नको. मराठीत ‘बघणे’, ‘पाहणे’ किंवा ‘दिसणे’ आपोआप आलं तर पुढे जा. नाही आलं तर अख्खं वाक्य वहीत उतरवा. नुसता शब्द कधी उतरवू नका. ‘सोन्हे म्हणजे तोटा’ एवढंच लिहिलंत तर त्याला कोणतं क्रियापद लागतं हे परीक्षेत आठवणार नाही, ‘सोन्हेरुल बोदा’ असं एका दमात लिहिलं तर आठवेल.

टोपिक दोनसाठी आणखी एक. लेखनात आकडेवारीचा तक्ता देऊन 200 ते 300 अक्षरांत वर्णन मागतात. त्याची सुरुवात ‘जोसा ग्यॉल्ग्वारुल बोम्यॉन’ने करा, ‘पाहणीचे निष्कर्ष पाहता’. आपल्या ‘पाहणी’तही पाहणेच आहे. शेवटच्या निबंधात मत मांडायचं असतं, तिथे ‘रागो बोन्दा’, ‘असं मला वाटतं, मी याकडे असं बघतो’, हे शोभतं. शब्द तोडून लिहायचे की जोडून, याची काळजी तुम्ही व्यक्त केली आहे. ‘मॉगॉ बोदा’ तोडून लिहिणं हा मूळ नियम, जोडलं तरी मान्य आहे. ‘आराबोदा’, ‘मुरॉबोदा’, ‘छाजाबोदा’ हे मात्र कोशात एकसंध शब्द म्हणून आलेत, ते तोडू नका.

यानंतरचं क्रियापद म्हणून मी ‘नादा’ सुचवेन, आणि तेही मराठीतल्या ‘येणे’वरूनच. राग येणे ‘ह्वागा नादा’, ताप येणे ‘यॉरी नादा’, घाम येणे ‘त्तामी नादा’, वास येणे ‘नेम्सेगा नादा’, आवाज येणे ‘सोरिगा नादा’, आठवण येणे ‘सेंगागी नादा’. मूळ अर्थ उगवणे, बाहेर निघणे असा आहे, त्यामुळे जे आतून उमटतं त्याला तो लागतो. झोप मात्र यात धरू नका. तिला कोरियन माणूस खरोखरीचं ‘येणे’ लावतो: ‘जामी ओदा’.